जळगावहून गुलमर्गला जातोय. स्नोबोर्डवरून तिथल्या अफरवट शिखराच्या अरुंद घळीतून उतरू का?

भाऊ, पहिल्याच हिवाळ्यात नको. तोरणमाळच्या घाटवाटा चढून पायांत ताकद येईल, पण बर्फाची पारख सातपुड्यात होत नाही. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, आणि अशा घळी नेमक्या तेवढ्याच उभ्या असतात. दोन्ही कडांमध्ये लांब वळण बसत नाही. उडी मारून बोर्ड फिरवावा लागतो. त्यात आपणच सुटा केलेला भुसभुशीत बर्फ मागून येऊन पाय ओढतो. बाजूला सरकायला जागा कुठे?

गाडलेल्या माणसाला साधारण १५ मिनिटांत काढलं तरच वाचण्याची खरी आशा. म्हणजे सोबतीच धावणार. बीकन (गाडलेला कुठे आहे ते सिग्नलने दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं, वापरायचा सरावही हवा. यंदा बचाव पथकाची गस्त असलेल्या उतारांवरच शिका.