निकष 'शिथिल' कसा होतो?

प्रश्न असा आला आहे: 'पक्षाघातानंतर मेंदूतली गाठ काढण्याच्या उपचाराचे निकष शिथिल झाले, असं बातमीत वाचलं. इथे गाठ बरोबर की गुठळी? आणि थ्रोम्बेक्टॉमीला मराठी शब्द काय?'

गुठळी. रक्त साकळून होते ती गुठळी. गाठ म्हटलं की आपल्याकडे थेट कर्करोगाचीच धास्ती. पिठलं ढवळायचा कंटाळा केल्यावर जे होतं, ते रक्तवाहिनीत झालंय एवढं ध्यानात ठेवा.

पण त्या बातमीत दाताखाली येणारा खडा 'शिथिल' हा आहे. अनुदानाचे निकष शिथिल, प्रवेशाचे निकष शिथिल, पीकविम्याचे निकष शिथिल, आता मेंदूचेही! अहो, निकष म्हणजे दगड. 'कष्' म्हणजे घासणे. सोनं ज्यावर घासून पाहायचं तो सराफाचा काळा दगड म्हणजे निकष. आपला 'कस' त्याच धातूचा, 'कसोटी'ही त्याच घरची (मूळ कषपट्टिका), म्हणजे पाच दिवस चालणारा कसोटी सामनासुद्धा सराफकट्ट्यावरून आलेला. दगडावर सोन्याची रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाची दुसरी ओढायची, वर आम्ल लावायचं आणि कुठली टिकते ते बघायचं. चंचल लक्ष्मी अतिथी राजापाशी कशी स्थिर झाली हे सांगताना कालिदास रघुवंशात म्हणतो, 'निकषे हेमरेखेव', कसोटीवरच्या सुवर्णरेषेसारखी. आणि आपण तो दगडच सैल करायला निघालो. सैल होते ती पायजम्याची नाडी.

यावर परिभाषावाली मंडळी लगेच 'योगाद्रूढिर्बलीयसी' ऐकवतात. व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवान. तेल मुळात तिळाचं, पण खोबऱ्याचंही चालतंच ना? चालतं, कारण खोबऱ्यातून निघतं तेही तेलच असतं. 'शिथिल निकष' म्हणताना मात्र जे घडलं त्याच्या उलट सांगितलं जातं, आणि हे त्या मंडळींच्या गावीही नाही.

घडलं काय ते बघा. जांघेतून नळी घालून मेंदूतल्या मोठ्या धमनीतली गुठळी ओढून काढायचा हा उपचार २०१५च्या सुमारास पाच चाचण्यांनी प्रस्थापित केला; त्यातली पहिली नेदरलँड्सची. तेव्हाचा दगड होता घड्याळ. लक्षणं दिसल्यापासून साधारण सहा तास, पुढे नाही. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी वाकड्या तोंडाने उठला, तर त्याचं घड्याळ झोपतानाच सुरू झालेलं धरायचे. झालं, बाद. २०१८ साली 'डॉन' आणि 'डिफ्यूज ३' या चाचण्यांनी दगडच बदलला. किती तास झाले यापेक्षा मेंदूचा किती भाग मेलाय आणि किती अजून वाचवता येईल, हे स्कॅनवर पाहायचं. डॉनमध्ये सहा ते चोवीस तासांतले रुग्ण घेतले. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे ४९ टक्के निघाले, गुठळी न काढलेल्यांत १३. आता यात शिथिल काय आहे? घड्याळ काय, कुणीही बघतो. हा कस लावायला जास्त तयार नजर लागते.

पुढची गोष्ट तर माझ्या दगडाला अगदीच फिट बसते. सीटी स्कॅनवर मेंदूच्या एका बाजूचे दहा भाग पाडून गुण देतात, बिघडलेल्या प्रत्येक भागामागे एक गुण वजा. दहा म्हणजे बावनकशी. सहाच्या खालच्यांना पूर्वी हात लावत नसत. २०२२ आणि २०२३ मध्ये जपान, चीन, अमेरिका असं करत तीन ते पाच गुणांच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि हिणकस म्हणून बाजूला टाकलेल्यातही सोनं निघालं. 'सिलेक्ट २' या चाचणीत स्वावलंबी झालेले २० टक्के, एरवी ७. आकडा छोटा आहे, पण घरच्यांना विचारा.

आणि २०२५ साली मेंदूतल्या आणखी बारीक, लांबच्या वाहिन्यांतल्या गुठळ्या ओढून पाहिल्या, तेव्हा 'एस्केप मेव्हो' आणि 'डिस्टल' या दोन्ही चाचण्यांत फायदा दिसला नाही. रेघ उमटलीच नाही! निकष खरोखरच शिथिल झाले असते, तर हेही रुग्ण त्याच लाटेत आत आले असते. तेव्हा निकष 'बदलले' म्हणा, 'नवे आले' म्हणा, फार तर 'कक्षा रुंदावली' म्हणा.

हो, थ्रोम्बेक्टॉमी राहिलीच. 'गुठळी काढणे' पुरे. कुणी 'रक्तग्रंथिनिष्कासन' सुचवलं तर घेऊ नका. ग्रंथी म्हणजे पुन्हा गाठच.