पावलाचं ऑपरेशन: एफडी मोडायची की दहा महिने थांबायचं?

ताई, तुम्ही 51 वर्षांच्या. ऐरोलीत पोळी-भाजी केंद्र चालवता. उजवं पाऊल सपाट होऊन ताठरलंय, टाचेच्या वरचे-पुढचे तीन सांधे स्क्रूने कायमचे जोडायचेत. अंदाज 3,80,000 रुपये. विम्यात हा आजार आधीपासूनचा म्हणून नोंदलाय; 36 महिने थांबल्याशिवाय त्याचा खर्च विमा देत नाही, त्यातले 26 झालेत. 6 लाखांची एफडी मोडून आत्ताच उरकावं का, असं विचारलंत.

एफडी मोडू नका. थांबायचं की नाही, ते घोट्यावर ठरेल. उभं राहून काढलेला एक्स-रे दाखवून डॉक्टरांना विचारा, घोटा कलायला लागलाय का? कलत असेल तर थांबण्यात शहाणपण नाही. घोट्याचा सांधाही बिघडला की ऑपरेशन वाढतं आणि खर्चही. तेव्हा एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल घ्या. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही उचललेल्या रकमेवरच. एफडी चालू राहते, म्हणजे निव्वळ भुर्दंड वर्षाला 3,800 ते 7,600.

घोटा सरळ असेल तर ब्रेस (पावलाला बाहेरून आधार देणारा पट्टा) वापरून दहा महिने काढा. विम्याचा हप्ता मात्र चुकवू नका. वाढीव मुदतही उलटली तर 26 महिने पाण्यात जातील. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा बघा. मर्यादा 5,000 आणि खोली 8,000 ची घेतलीत, तर सर्जन व ऑपरेशन थिएटरच्या खर्चालाही त्याच प्रमाणात, म्हणजे 37.5 टक्क्यांची कात्री लागू शकते. हा खर्च 2,40,000 धरला, तर त्यातले 90,000 तुमच्या अंगावर! स्क्रू-प्लेट आणि औषधांना ही कपात नसते, म्हणून अंदाजपत्रकात त्यांची रक्कम वेगळी लिहून घ्या.

मला जास्त काळजी आहे ती घरी आल्यानंतरची. सहा ते आठ आठवडे पाऊल जमिनीला टेकवायचं नाही, मग साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पावलाला आधार देणारा खास बूट. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तव्यापुढे दिवसभर उभं राहायला आणखी वेळ लागेल. गाळ्याचं भाडं आणि घरखर्च मिळून 32,000 लिहिलेत. चार महिन्यांचे 1,28,000 हवेत. आजपासून दरमहा 12,800 ची आरडी सुरू करा, दहा महिन्यांत जमतील.

एक विचारतेच, रागावू नका: मिश्री लावता का? तंबाखूने हाड जुळायला अडथळा येतो, वाढलेल्या साखरेनेही. हाड जुळलं नाही तर पुन्हा ऑपरेशन, पुन्हा बिल, पुन्हा गाळा बंद. तारीख घेण्याआधी मिश्री सोडा, साखर तपासून घ्या.