बंपर जोडायच्या आधी मागचा शिक्का वाचा

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडला राहतो. रिक्षाने मागून ठोकलं आणि मागच्या बंपरला वीतभर तडा गेला. गॅरेजवाल्याने प्लास्टिक वेल्डिंग करून वर रंगपण मारून दिला, पण महिन्याभरात तडा परत उघडला आणि वेल्डिंगची पट्टी सालीसारखी सुटून हातात आली. आता नवीनच बंपर घ्यायचा का?

उत्तर: दादा, एवढ्यात नको. पट्टी अख्खी सुटली ना, त्यावरूनच कळतं की ती बंपरमध्ये मुरलीच नव्हती, नुसती वर चिकटून बसली होती. बहुतेक रॉड, म्हणजे वितळवून तड्यात भरायची प्लास्टिकची कांडी, वेगळ्या प्लास्टिकचा वापरला असणार. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि एबीएस या प्लास्टिकच्या दोन जाती. पीपीला पीपीचाच रॉड लागतो, एबीएसला एबीएसचा, ही दोन एकमेकांत मिसळत नाहीत, कितीही गरम करा.

बंपर काढून मागच्या बाजूला बॅटरी मारून बघा, दोन कंसांच्या मध्ये अक्षरं कोरलेली असतात. पीपी प्लस ईपीडीएम आणि पुढे टीडी 20 असं दिसलं तर पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबर आणि 20 टक्के टाल्क पावडर. बंपर बहुतेक याच जातीचे, ग्रिल बऱ्याचदा एबीएसची. रेडिएटरच्या टाकीवर पीए 66 जीएफ 30 असतं, म्हणजे 30 टक्के काचेचे धागे घातलेलं नायलॉन. पीयूआर, म्हणजे पॉलियुरेथेन, लिहिलं असेल तर मात्र गरम हवेची गन लावूच नका, ते सहसा वितळणाऱ्यातलं नसतं, नुसतं करपतं, तिथे चिकटवायचं केमिकलच लागतं.

शिक्का घासला गेला असेल तर काही जण तुकडा पाण्यात टाकतात, तरंगला की पीपी. साधं पीपी तरंगतं हे खरं, पण टाल्क घातलेलं पाण्यापेक्षा जड होऊन बुडू शकतं आणि मग माणूस त्याला एबीएस समजून बसतो, या चुकीने चांगले बंपर वाया गेलेले बघून फार वाईट वाटतं. तुमच्याकडे ती सुटलेली पट्टी असेल तर तिच्यावर एसीटोनचा थेंब टाका, गॅरेजवाल्याने कोणता रॉड वापरला होता ते कळेल. चिकचिकीत झाली तर एबीएस, पीपीला काही होत नाही. जाळून वास घेत बसू नका, तो धूर छातीला वाईट.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे रॉडची टेस्ट. बंपरच्या आत न दिसणाऱ्या कोपऱ्यात रॉडचं टोक वितळवून टेकवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग पक्कडीने ओढायचं. उचकटून आला तर रॉड चुकीचा. जुळला की जुनी पट्टी खरवडून, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, व्ही आकाराची खाच करून मगच वेल्डिंग, आणि पीपीवर रंगाआधी अॅडहेजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा थर) मारायचाच, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

बंपर अडकवायच्या क्लिपचे कान तुटून हरवले असतील तर नवीन बंपर घ्या. नुसता तडा असेल तर गॅरेजमध्ये उभं राहून ती रॉडची टेस्ट समोर करून घ्या, रॉड हलला नाही तरच पुढचं काम करू द्या.