२४ चा बॉक्स की सुटे रंग?

जलरंगांचा २४ ट्यूबचा बॉक्स घ्यावा की सुटे रंग, आणि पावसाळ्यातला सह्याद्री, कोकण रंगवायला नेमके कोणते, असं तुम्ही विचारलंय. सुटे घ्या. बॉक्समधले कितीतरी रंग आधीच कालवलेले असतात. ट्यूबवरचं नाव सोडा, मागच्या बारीक अक्षरातला पिगमेंट नंबर, म्हणजे आत कोणतं रंगद्रव्य आहे त्याचा क्रमांक (पीबी २९ असा), वाचा. एकच नंबर असेल तर छान. तीन असतील तर त्यात तुम्ही आणखी दोन रंग मिसळलेत की चिखल होणारच. सॅप ग्रीन या तयार हिरव्याचं हेच होतं. एका कंपनीचा पिवळट, दुसरीचा काळपट, कारण मिश्रणच वेगळं.

माझ्या पॅलेटमध्ये सध्या आठ आहेत: पिवळा (पीवाय १५४), यलो ओकर (मातकट पिवळा), पायरोल रेड (पीआर २५४), क्विनाक्रिडोन रोझ (गुलाबी, पीव्ही १९), अल्ट्रामरीन (निळा, पीबी २९), थॅलो ब्लू (पीबी १५), थॅलो ग्रीन (पीजी ७) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी).

शेवटच्यावर मी जीव टाकते. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घातलं की पावसाळी ढगांचे सगळे करडे मिळतात, निळसर ते तपकिरी, आणि घट्ट घेतलं तर जवळजवळ काळा. अल्ट्रामरीन खडबडीत कागदावर दाणेदार बसतो, त्यामुळे ढग आपोआप भरलेला दिसतो. काळी ट्यूब मी कित्येक वर्षांत घेतलेली नाही. थॅलो ग्रीन नुसता लावला तर प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसतो, पण त्याच बर्न्ट सिएनाने त्याला मारलं की ओल्या झाडीचा गडद हिरवा तयार. भाताच्या खाचरांना पिवळ्यात थॅलो ग्रीनचा अगदी ठिपका. जास्त झाला तर परत येता येत नाही. जांभ्याला सिएनातच थोडा रोझ. (काही कंपन्यांच्या बर्न्ट सिएनावर पीबीआर ७ ऐवजी पीआर १०१ असतं. चालतं, फक्त कधीकधी जरा अपारदर्शक लागतं.)

अ‍ॅलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३ हा गडद लाल, मात्र घेऊ नका. त्या रंगात केलेली बोगनवेल मी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली होती. दोन वर्षांत पानं शाबूत, फुलं फिकुटली. तेव्हापासून नवा रंग आला की त्याची पट्टी काढते, अर्धी पुठ्ठ्याने झाकते आणि उन्हाच्या काचेला तीन महिने चिकटवून ठेवते.

नावात ‘ह्यू’ असेल तर मूळ पिगमेंटऐवजी दुसरं वापरलंय असं समजा. ते वाईटच असतं असं नाही, नंबर बघून ठरवा. पैसे कमी असतील तर ओकर, सिएना, अल्ट्रामरीन स्टुडंट ग्रेडचे (शिकणाऱ्यांसाठीचे, स्वस्त) चालतील. रोझ मात्र आर्टिस्ट ग्रेडचाच घ्या. ५ मिलीच्या ट्यूब पुरतात, थॅलो तर संपता संपत नाही.

आणि कोकणात जाताय म्हणून सांगते, मध घातलेले रंग तिथल्या दमट हवेत वाळत नाहीत, पिशवीत पॅलेट आडवं झालं की एकमेकांत उतरतात. साधे ट्यूबचे रंगही निघण्याआधी दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळवा. ओलं पॅलेट झाकण लावून ठेवलं तर आठवड्यात बुरशी येते.