भुसा पिंपातच पडला पाहिजे

प्रश्न : काका, घरामागच्या शेडमध्ये माझी टेबल-करवत, राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन) आणि सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन) आहे. धूळ ओढायला २० लिटरचा व्हॅक्यूम घेतला, पण दहा मिनिटांत फिल्टर भरतो आणि ओढ संपते. मशीन आणि व्हॅक्यूम यांच्या मधे लावायचा, भुसा आधीच वेगळा काढणारा सायक्लोन घरी करता येईल का? तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर दोन नळ्या उभ्या बसवून बघितल्या. भुसा सरळ व्हॅक्यूममध्येच गेला. शेड आणि माजघर यांत एकच भिंत आहे आणि मुलीला खोकला असतो. – एक वाचक, खानापूर

उत्तर : करता येतो, आणि तुम्ही तो कराच. मुलीच्या खोकल्याचं मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, आणि घरात लाकडाचं काम चालतं हे त्यांना आवर्जून सांगा.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे धातू ओतायचे साचे ज्यांवरून बनतात ते नमुने, करण्यात माझी ३० वर्षं गेली. सगळं काम सागवानात. तोंडाला टॉवेल बांधून आम्ही सँडिंग करायचो आणि संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर सागवानाचा रंग यायचा. धूळ म्हणजे कामाचा भाग, असंच तेव्हा आम्ही धरून चाललो. म्हणून तुमच्यासारखं कोणी वेळेवर विचारलं की मला फार बरं वाटतं.

सायक्लोन कसा चालतो ते तुमच्याच तालुक्यात बघायला मिळेल. मोठ्या राइस मिलच्या मागे पत्र्याचं उंच नरसाळं असतं ना, तोच तो. हवा त्यात वरच्या बाजूनं, भिंतीला घासून शिरते आणि गरगर फिरते. कोंडा जड, म्हणून भिंतीकडे फेकला जातो, तिथं त्याचा वेग मरतो आणि तो खाली उतरतो. हलकी झालेली हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. तुमच्या डब्यात हवा फिरलीच नाही. येणारी नळी सरळ तळावर फुंकत होती, त्यामुळे पडलेला भुसाही पुन्हा उठला.

पत्र्याचा डबा सोडूनच द्या. मीही पहिला प्रयोग त्यातच केला होता. नळीच्या तोंडावर फळीचा तुकडा चिकटला आणि डबा दणकन आत चेपला. जाड प्लास्टिकचं, लोखंडी रिंगनं झाकण आवळणारं ५०-६० लिटरचं पिंप बघा. रसायनांचं रिकामं पिंप असेल तर आत काय होतं ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

झाकणाच्या जागी १८ मिलिमीटर प्लायची गोल फळी. तिच्या मधोमध व्हॅक्यूमकडे जाणारी नळी. भुशाची नळी कडेला उतरवायची आणि आत तिला एल्बो (काटकोनात वळलेला जोड) लावून तोंड भिंतीच्या बाजूनं वळवायचं, म्हणजे हवा शिरल्याबरोबर वळणाला लागते. झाकणाखाली साधारण अडीच इंचांवर, तीन लांब बोल्टांवर दुसरी गोल फळी टांगा. या फळीची कड दोन तृतीयांश भागात सव्वा इंचाहून किंचित कमी कापायची, म्हणजे भिंतीलगत फट राहते आणि भुसा तिथून खाली पडतो. उरलेला एक तृतीयांश भाग भिंतीला भिडलेला ठेवा आणि येणारी नळी त्याच्याच वर उतरवा. हौशी सुतार या फळीला थीन बॅफल म्हणतात. खाली पडलेल्या भुशाला वरचं वादळ लागू नये, एवढ्यासाठीच ती आहे. मधल्या नळीचं तोंड या फळीच्या इंच-दीड इंच वर थांबवा.

आता सांधे. बहुतेकांचं काम इथंच फसतं. पिंपाला सुईएवढी गळती असली तरी बाहेरची हवा तिथून आत घुसते, साठलेला भुसा उचलते आणि मधल्या नळीत नेऊन घालते. मग माणूस म्हणतो, सायक्लोन चालत नाही. झाकणाखाली दार-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी चिकटवा, नळ्यांभोवती एमसील दाबून भरा. व्हॅक्यूम चालू करून नळीचं तोंड अर्धवट झाका आणि प्रत्येक सांध्याजवळ पातळ कागदाची पट्टी धरा. पट्टी जिथं ओढली जाईल तिथं पुन्हा भरा. उदबत्तीचा धूर वापरायचा सल्ला कोणी देईल, पण भुशाच्या शेडमध्ये निखारा नको.

एवढं झालं की करवतीचा भुसा जवळजवळ सगळा पिंपात पडेल आणि फिल्टर टिकेल. पण सँडरची पिठासारखी धूळ, विशेषतः १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतली, भिंतीकडे फेकली जाण्याइतकी जड नसते. बरीचशी हवेबरोबर पुढे जाते, आणि फुप्फुसात खोल उतरते ती हीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. नाकाचा आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांचा कर्करोग हे त्यामागचं मुख्य कारण. म्हणून व्हॅक्यूमला अगदी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर बसवा, सँडिंगला एन-९५ मास्क लावा आणि मशीन थांबल्यावरही काही वेळ तो काढू नका. माजघराच्या भिंतीतल्या फटी बुजवा. शेडमधले कपडे तिथंच झटकून, बदलून मग घरात जा.

पुढे रंधा मशीन घेतलंत तर हा संच पुरणार नाही. त्याला चार इंची पाइप आणि ब्लोअर लागतो.

प्रश्न : भुसा ओढणाऱ्या पीव्हीसी पाइपला हात लागला की झटका बसतो. स्फोट होईल का? जुन्या घरांचे वासे चिरून फर्निचर करतो. – एक वाचक, निपाणी

उत्तर : भुसा पाइपला घासून जातो, त्याची ही वीज. कोरड्या हवेत जास्त, पावसाळ्यात जवळजवळ नाही. पाइपवर उघडी तांब्याची तार गुंडाळून मशीनच्या अर्थिंगला जोडा, झटके कमी होतील. छोट्या शेडमध्ये तेवढ्यानं स्फोट होण्याची शक्यता फार थोडी.

मला काळजी वाटते ती तुमच्या वाशांची. त्यांत मोडलेले खिळे दडलेले असतात. पातं खिळ्यावर आदळलं की ठिणगी थेट पिंपात जाते आणि भुशात तासन्‌तास धुमसत राहते. चिरण्याआधी प्रत्येक वाशावरून लोहचुंबक फिरवा. खिळा लागलाच तर मशीन बंद करून पिंप तिथल्या तिथं अंगणात न्या आणि भुसा पसरून त्यावर पाणी मारा. एरवीही संध्याकाळी कुलूप लावताना भरलेलं पिंप आत ठेवू नका.