रात्री वाजणारा फोन, अडकलेले पीआर आणि चुकून पुसलेलं टेबल

सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्या वाचकांचे पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. ऑन-कॉलचा, म्हणजे सेवा बिघडली की फोन घ्यायच्या पाळीचा प्रश्न सर्वांत आधी, कारण त्यात माणसाची झोप जाते.

प्रश्न : आमची पाच जणांची टीम आहे. ऑन-कॉलची पाळी दर आठवड्याला बदलते. माझ्या गेल्या पाळीत रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेत एकूण ३४ अलर्ट (सिस्टिमचे आपोआप येणारे इशारे) आले. उठून खरोखर काही करावं लागलं ते दोनदाच. मॅनेजर म्हणतात, 'थ्रेशोल्ड (अलर्ट वाजायची मर्यादा) वाढवून टाका.' वाढवला आणि खरी अडचणच हुकली तर?
— एक बॅकएंड डेव्हलपर

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. थ्रेशोल्ड वाढवला की गोंगाट कमी होतो, पण अलर्ट मुळात चुकीच्या गोष्टीवर लावलेला असेल तर तो चुकीचाच राहतो. बऱ्याच टीम मशीनच्या प्रकृतीवर अलर्ट लावतात: सीपीयू ८० टक्के, मेमरी ९० टक्के. रात्री बॅकअप किंवा रिपोर्टचं काम सुरू झालं की सीपीयू वर जाणारच. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. फोन वाजावा तो वापरणाऱ्याचं काम अडलं म्हणून: रिक्वेस्ट फेल होत आहेत, लॉगिन होत नाही, दोन सेकंदांत उघडणारं पान दहा सेकंद घेतंय.

आधी गेल्या ३० दिवसांतले सगळे अलर्ट एका शीटमध्ये उतरवा. चार रकाने पुरेत: वेळ, अलर्टचं नाव, काय केलं, सकाळपर्यंत थांबलं असतं का. नावानुसार लावलं की बहुतेक गोंगाट मोजक्या चार-पाच अलर्टांचा निघतो. मग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. वापरणाऱ्याला आत्ता किंवा पुढच्या काही तासांत त्रास होणार आहे का? माणसानं काही करायलाच हवं का? आणि ते 'काही' दर वेळी वेगळं असतं का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच फोन वाजू द्या. दर वेळी सर्व्हिस रीस्टार्ट करून पुन्हा झोपत असाल, तर ते काम स्क्रिप्टला द्या आणि रीस्टार्ट का लागतो याचं तिकीट (कामाची नोंद) काढा. उरलेले अलर्ट सकाळच्या तिकिटात जातील किंवा सरळ काढून टाका.

डिस्कचा अलर्ट नीट पाहा, तिथे फार जणांची झोप उडते. 'डिस्क ८५ टक्के भरली' या वाक्याला एकट्यानं काही अर्थ नसतो. २ टीबीच्या डिस्कवर उरलेले १५ टक्के म्हणजे ३०० जीबी, २० जीबीच्या डिस्कवर फक्त ३ जीबी. किती भरली यापेक्षा किती वेगानं भरते हे महत्त्वाचं. गेल्या सहा तासांच्या वेगानं ती चार तासांत भरणार असेल तर फोन, चार दिवसांत भरणार असेल तर तिकीट. प्रोमिथियस या देखरेखीच्या टूलमध्ये हे गणित करणारं 'प्रेडिक्ट लिनियर' हे फंक्शन तयारच आहे.

वापरणाऱ्याच्या त्रासावरचा अलर्ट लावताना आकडे असे धरा. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायची असं ठरलं असेल, तर ३० दिवसांत ४३.२ मिनिटं बंद राहायची मुभा मिळते. हे तुमचं एरर बजेट. एका तासात १.४४ टक्के रिक्वेस्ट फेल झाल्या तर महिन्याच्या बजेटमधले २ टक्के त्या एका तासातच संपतात. तेव्हा फोन वाजवा. तीन दिवसांत १० टक्के बजेट संपेल इतका संथ ऱ्हास असेल तर तिकीट पुरेल. एक खाच मात्र आहे. रात्री तासाला ५० रिक्वेस्ट येत असतील तर एक फेल झाली तरी ते २ टक्के होतात आणि फोन वाजतो. म्हणून टक्क्यांसोबत किमान संख्येची अटही घाला. 'तासाला निदान २० रिक्वेस्ट फेल' यासारखी.

नवे अलर्ट दोन आठवडे फक्त एका चॅनलमध्ये येऊ द्या आणि जुने चालू ठेवा. जुन्यानं पकडलेली एखादी खरी अडचण नव्यानं सोडली का, हे तिथे दिसेल. मॅनेजरना पटवायला हाच पुरावा कामी येतो.

पाच जणांच्या टीमबद्दलही बोलायला हवं. गूगलमध्ये २००३ साली सुरू झालेल्या एसआरई (साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग, म्हणजे सेवा भरवशानं चालू ठेवायच्या) पद्धतीत एकाच ठिकाणच्या टीमला अखंड ऑन-कॉलसाठी किमान आठ जण लागतात असं धरतात, आणि १२ तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना नकोत असा दंडक आहे. कारण एक घटना शोधणं, निस्तरणं आणि तिचं टिपण लिहिणं यात सरासरी सहा तास जातात. पाच जणांत भागवायचंच असेल, तर रात्री उठावं लागलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी हा लेखी नियम करून घ्या. तोंडी सवलत मागायला लोक संकोचतात, आणि जो सर्वांत दमलेला असतो तोच मागत नाही.

प्रश्न : माझे पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासणीसाठी पाठवलेले कोडचे बदल) तीन-तीन दिवस पडून राहतात. आठवण केली की 'बघतो' म्हणतात. शेवटी कुणीतरी न वाचताच 'ठीक आहे' म्हणून अप्रूव्ह करतं. दोष कुणाचा?
— एक फुल-स्टॅक डेव्हलपर

उत्तर : आधी पीआरचा आकार तपासा. १,२०० ओळींचा पीआर माणूस उघडतो, स्क्रोल करतो आणि 'जेवल्यावर निवांत बघू' म्हणून बंद करतो. ती निवांत वेळ येत नाही. २०० ते ४०० ओळी एका बैठकीत नीट वाचून होतात. त्यापुढे नजर फक्त सरकत राहते.

फोडायचा कसा? फॉर्मॅटिंग आणि नावबदल एका पीआरमध्ये, वागणूक बदलणारा कोड दुसऱ्यात. हे एवढंच केलं तरी पुष्कळ फरक पडतो. डेटाबेसच्या कॉलमचं नाव बदलण्यासारखं काम तर एका पीआरमध्ये करूच नये, कारण डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) चालू असताना काही मिनिटं जुना आणि नवा कोड एकाच वेळी चालत असतो. नवा कोड येण्याआधी कॉलम बदलला की जुना कोड जुन्या नावानं विचारतो आणि एरर येते. पाच टप्पे करा: रिकामा चालेल असा नवा कॉलम जोडा, दोन्हींत लिहा, जुनी माहिती थोड्या-थोड्या ओळींच्या तुकड्यांनी नव्यात भरा, वाचन नव्यावर न्या, काही दिवसांनी जुना काढा. शेवटचा टप्पा सोडला तर कुठल्याही पायरीवरून बिनधास्त मागे येता येतं. वाचणाऱ्यालाही प्रत्येक पीआर दहा मिनिटांत कळतो.

वर्णनात काय बदललं, का बदललं, कसं तपासलं आणि वाचायला कुठल्या फाइलपासून सुरुवात करावी हे लिहा. ही शेवटची ओळ फार थोडे जण लिहितात, आणि वाचणाऱ्याचा सर्वाधिक वेळ तीच वाचवते.

उरलेला अर्धा दोष टीमच्या पद्धतीचा. रिव्ह्यूअर म्हणून अख्खी टीम टॅग केली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. नाव एकाचंच टाका. पहिला प्रतिसाद कामाच्या एका दिवसात, असा करार करा. प्रतिसाद म्हणजे अप्रूव्हल नव्हे, 'उद्या सकाळी बघते' हाही प्रतिसादच. कमेंटच्या आधी एक शब्द लिहा: 'अडतंय', 'सुचवते' किंवा 'प्रश्न'. मग कुठल्या कमेंटमुळे मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं) थांबतो हे विचारत बसावं लागत नाही. स्पेस आणि स्वल्पविरामाचे वाद फॉर्मॅटरवर सोपवा, तो सीआयमध्ये, म्हणजे कोड तपासणाऱ्या यंत्रणेत, आपोआप चालू द्या. आणि एकाच मुद्द्यावर तिसरी फेरी सुरू झाली की दहा मिनिटांचा कॉल करा, ठरलेलं पीआरमध्ये लिहून ठेवा.

प्रश्न : चॅटवर लोक नुसतं 'हाय' लिहितात आणि थांबतात. उत्तर दिलं की वीस मिनिटांनी काम सांगतात. उद्धट न दिसता हे कसं थांबवावं?
— एक टेस्टर

उत्तर : प्रोफाइलच्या स्टेटसमध्ये लिहा: 'नमस्कारासोबत प्रश्नही लिहून टाका, वेळ मिळाला की लगेच उत्तर देते.' त्यात कुणाला दुखावण्यासारखं काही नाही. तुम्ही स्वतः मेसेज करताना एकाच मेसेजमध्ये काय हवं, कधीपर्यंत हवं आणि लिंक, एवढं द्या. पाहून लोक शिकतात. चॅटवर दोन-चार तासांत उत्तर आलं तरी चालेल आणि खरी घाई असेल तर फोन करावा, हे टीमनं एकदा ठरवलं की हिरव्या ठिपक्याकडे बघत बसायची गरज उरत नाही.

प्रश्न : क्लाउडची सीक्रेट की (गुप्त चावी) चुकून कमिटमध्ये (कोडच्या नोंदवलेल्या बदलात) गेली आणि पुश झाली (सर्व्हरवर पोचली). पाच मिनिटांत लक्षात आलं, पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढली. एवढं पुरे ना?
— एक इंटर्न

उत्तर : नाही. ओळ काढली तरी आधीचा कमिट गिट या बदल नोंदवणाऱ्या टूलच्या इतिहासात तसाच असतो, कुणीही तो उघडून की वाचू शकतं. रिपॉझिटरी (कोडचा साठा) सार्वजनिक असेल तर अशा की सतत शोधत फिरणारे बॉट असतात. पाच मिनिटं त्यांना पुष्कळ झाली. ही की चोरांच्या हाती गेली असंच धरून चाला.

क्रम असा ठेवा. सर्वांत आधी सिक्युरिटी टीमला किंवा टीम लीडला सांगा. मग नवी की तयार करा, सेवेत बसवा, सेवा चालते याची खात्री करा आणि जुनी की बंद करा. जुन्या कीनं मोठे अधिकार मिळत असतील तर सेवा थोडा वेळ अडली तरी चालेल, ती आधी बंद करा. त्यानंतर पुश झाल्यापासूनचे ॲक्सेस लॉग तपासा: अनोळखी आयपी, तुम्ही वापरत नसलेल्या रीजनमध्ये सुरू झालेली मशीन, नवे तयार झालेले युजर. इतिहासातून ती ओळ पुसणं सगळ्यात शेवटी. 'गिट फिल्टर-रेपो' ते करतं, पण त्यानंतर प्रत्येकाला रिपॉझिटरी नव्यानं क्लोन करावी (उतरवून घ्यावी) लागते. कुणी जुन्या क्लोनमधून पुश केलं की पुसलेलं परत येतं.

पुढच्यासाठी 'गिटलीक्स'सारखं टूल प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या तपासणीत) लावा आणि तीच तपासणी सर्व्हरकडेही ठेवा, कारण हुक प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असेलच असं नाही. तुम्ही हे लपवलं नाहीत आणि विचारलंत, ते फार चांगलं केलंत. आता उठून टीम लीडना सांगा.

प्रश्न : टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलीनं स्टेजिंग (चाचणीची प्रत) समजून प्रॉडक्शनवर (वापरणाऱ्यांच्या खऱ्या सिस्टिमवर) डिलीट चालवलं. सेवा ४० मिनिटं बंद होती. परवा पोस्टमॉर्टेमची (काय बिघडलं ते तपासायची) बैठक आहे, ती खूप घाबरली आहे. 'कुणालाही दोष द्यायचा नाही' म्हणतात, मग लिहायचं काय?
— एक टीम लीड

उत्तर : ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत जवळपास हेच झालं. रात्री उशिरा थकलेल्या इंजिनिअरनं दुय्यम डेटाबेसची समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते. पण खरा धडा पुढे आहे. रोजचा बॅकअप पाहिला तर रिकामा, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं टूल ९.२ चं चालत होतं, त्यामुळे ते दर वेळी फेल होत होतं. फेल झाल्याचे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणाला कळलंच नाही. सुदैवानं सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) होता, त्यावरून काम निभावलं. गिटलॅबनं हे सगळं उघडपणे प्रसिद्ध केलं. बोट त्या इंजिनिअरकडे दाखवून फाइल बंद केली असती, तर न चालणारा बॅकअप तसाच राहिला असता.

तुमच्या टिपणात आधी मिनिटवार घटनाक्रम लिहा, वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). नावाऐवजी 'ऑन-कॉल इंजिनिअर', 'डेव्हलपर १' अशी भूमिका लिहा. वाक्याची घडण इथे फार महत्त्वाची आहे. 'डेव्हलपरनं सर्व्हर न तपासता डिलीट चालवलं' असं लिहिलं की विषय तिथेच संपतो. 'दोन्ही टर्मिनलांचा रंग आणि प्रॉम्प्ट (कमांड लिहायच्या जागेची खूण) सारखाच होता, आणि रोजच्या लॉगिनला प्रॉडक्शनवर डिलीटचा अधिकार होता' असं लिहिलं की काय बदलायचं ते समोर येतं.

मग कामांची यादी. 'काळजी घ्यावी' हे काम नव्हे, ते यादीत येऊच देऊ नका. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि तारीख हवी: प्रॉडक्शनचा प्रॉम्प्ट लाल, रोजचं लॉगिन फक्त वाचण्यापुरतं, लिहिण्याचा अधिकार मागितल्यावर तासाभरासाठी, हातानं चालवायचं प्रत्येक डिलीट ट्रान्झॅक्शनमध्ये (पक्कं करेपर्यंत मागे घेता येईल असं), किती ओळी गेल्या ते पाहूनच पक्कं. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर 'सेफ अपडेट्स' चालू ठेवा. 'की' कॉलमची (ओळ ओळखायच्या कॉलमची) अट किंवा लिमिट नसलेलं डिलीट ते चालूच देत नाही. आणि महिन्यातून एकदा बॅकअप रिकाम्या मशीनवर खरोखर रिस्टोअर करून वेळ मोजा.

यात जबाबदारी नाहीशी होत नाही. यादीतली कामं तारखेला झाली नाहीत तर जाब नक्की विचारा, आणि तो तुम्हालाही लागू आहे: नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात तो अधिकार कसा मिळाला, हे बैठकीत तुम्ही स्वतः आधी मांडा.

तिच्याशी बैठकीच्या आधी एकटीशी बोला, आजच. कमांड देण्याआधी तिला स्क्रीनवर नेमकं काय दिसत होतं, आपण स्टेजिंगवर आहोत असं कशावरून वाटलं, हे शांतपणे विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्या. ती माहिती दुसऱ्या कुणाकडेच नाही.