माफीचा साक्षीदार : पिक्चरमागची खरी केस

"माफीचा साक्षीदार खऱ्या घटनेवर आहे का, त्यात दाखवलंय ते पुण्यात खरंच घडलं का" असं विचारलंय तुम्ही. हो, घडलं. जोशी-अभ्यंकर खून खटला. पिक्चर १९८६चा, नाना पाटेकरचा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ एवढ्या काळात दहा खून, आणि करणारी पोरं टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयातली, जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह. पाचवा चांडक, तो माफीचा साक्षीदार झाला, त्यावरूनच पिक्चरचं नाव. पहिला बळी तर त्यांच्याच ओळखीतला मुलगा, त्याचं प्रेत पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकलं होतं.

मी तेव्हा सातवीत होतो. दिवेलागणीनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आमच्या आईने दाराला साखळी बसवून घेतली आणि बेल वाजली की आधी खिडकीतून नाव विचारायचं, मग वडील असले तरी. मधे शंकरशेठ रोडवर एका बंगल्यात शिरले होते हे खुनी, तिथल्या माणसांनी झटापट केली आणि हे पळाले. मला ती माणसं फार मोठी वाटतात.

पण एक सांगायचंय, जक्कल हे नाव आज कुणालाही विचारा, लगेच सांगतील. अभ्यंकर कोण होते ते विचारून बघा. १ डिसेंबर १९७६च्या रात्री भांडारकर रोडच्या 'स्मृती' बंगल्यात पाच माणसं मारली, दोन नातवंडं आणि घरकाम करणाऱ्या बाईसुद्धा, त्यात काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते. संस्कृत व्याकरणातला केवढा मोठा माणूस! त्यांनी इंग्रजीत केलेला संस्कृत व्याकरणाचा कोश १९६१ला बडोद्याहून निघाला, व्याकरणाचे अभ्यासक तो आजही उघडतात. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री, पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणणारे. पिढ्यांचं ज्ञान होतं त्या घरात आणि आपल्याला मात्र गळा आवळायची ती नायलॉनची दोरी तेवढी लक्षात राहिली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चौघांना १९७८ला फाशीची शिक्षा झाली, पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत कायम राहिली आणि २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात अंमल झाला. शाहने जेलमध्ये पुस्तकही लिहिलं, ते बरेच जण शोधतात.

मला तो कोश अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मिळाला. पानोपानी कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात सूत्रांचे आकडे लिहून ठेवलेत, बाइंडिंग सुटलंय, पण मी ते पुसलेले नाहीत.